वाणातली दहा गाणी

नवीन माणसाला आपला आवडता बँड ऐकवायचा तर पहिलं गाणं कोणतं लावायचं, या एका प्रश्नापायी जितकी माणसं माझ्यापासून पळाली तितकी माझ्या जिभेपायीही पळाली नसतील. आणि माझी जीभ कशी आहे हे जुन्या जालन्यात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, पायरीवर बसवून, चहा पाजून सांगतील.

मी रॉक ऐकते. शाळेत गणित शिकवलं, पोरगा वाढवला, गुडघे बदलून घेतले, बँड मात्र तेच ठेवले. त्यातला एक खास माझा. त्यातले काही वारले, उरलेले एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्यामुळे नवीन काही येऊन जुनं बिघडायची भीती नाही. आमच्या घरात या सगळ्याला 'आईचा कल्ला' म्हणतात. मी किती वेळा सांगितलं की नीट ऐका, आत चाल आहे, ताल आहे, एक गिटार प्रश्न विचारते आणि दुसरी उलट उत्तर देते. घरचे म्हणतात, हो, आणि कुकरची शिट्टी आम्हाला ऐकू येत नाही.

हा नाद लागला तेव्हाच्या औरंगाबादेत, हॉस्टेलवर असताना. त्या वेळची मी आज समोर आली तर मी तिला ओळख देणार नाही. थोरल्या भावाचा शर्ट घालायची, हॉस्टेलच्या फाटकाबाहेर पडलं की वेणी सोडायची आणि जालन्याच्या बसमध्ये बसायच्या आधी परत घट्ट घालायची. गोदावरी आणि पूर्णेच्या मधल्या मुलखात रॉक कळणारी आपण एकटीच, असा तिचा ठाम समज होता. बाकी सगळे अडाणी. त्यांना सुधारायचं काम देवाने तिच्यावर सोपवलेलं होतं.

सुधारायची रीत अशी. शहरात एक दुकानदार कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचा. आपण गाणी ओळीने लिहून द्यायची, आठवड्याने कॅसेट न्यायची. ही शहाणी दर नव्या मैत्रिणीसाठी एक कॅसेट भरायची. आणि पहिलं गाणं कोणतं लावायची, तर बँडचं सगळ्यात अवघड. पंधरा-सोळा मिनिटांचं, त्यातली पहिली काही मिनिटं नुसता ढोल आणि कुठे तरी लांब कुणीतरी कण्हत असल्यासारखा आवाज. तिचं म्हणणं, ज्याला हे झेपेल तोच पुढच्या गाण्यांच्या लायकीचा. थोडक्यात ती गाणी ऐकवत नव्हती, प्रवेश परीक्षा घेत होती. सगळ्या मैत्रिणी नापास झाल्या. एकीने ती कॅसेट पुसून तिच्यावर स्वतःच्या भावाची मुंज भरून घेतली. मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही. तिला ते कळलंही नसावं.

पण खरा पराक्रम पुढेच होता. साखरपुडा झाला आणि मी नवऱ्या मुलासाठी कॅसेट भरली. त्याच्या चुलतभावाच्या हाती जालन्याला पाठवली. आता मुलीकडून कॅसेट आली म्हटल्यावर इकडच्या लोकांनी काय समजावं? मुलीने स्वतःच्या आवाजात गाऊन पाठवलं. होणाऱ्या सासूबाईंनी शेजारच्या बायका बोलावल्या. सगळ्यांसाठी पोहे झाले. टेप मधल्या खोलीत आणून मांडला, उदबत्तीही लावली म्हणे. आणि मग सुरू झालं ते पंधरा मिनिटांचं. ढोल, आणि लांबून कण्हणं. बायका थोडा वेळ वाट बघत बसल्या. शेवटी सासूबाईंनी हळूच विचारलं की पोरीची तब्येत बरी आहे ना.

आमचे हे तेव्हा तिथेच बसलेले. त्यांनी म्हणे ते पूर्ण ऐकलं, एकट्याने. संपल्यावर फक्त एवढंच म्हणाले, "झालं का?"

तेव्हापासून आजपर्यंत माझ्या संगीतावर त्यांचं तेवढंच मत आहे. मी गाणं लावलं की पेपर वाचतात. गाणं रंगात आलं की पेपर खाली घेतात आणि विचारतात, झालं का. रागाने नाही, नळाला पाणी आलं का विचारावं तसं. एखाद्याने शिव्या घातल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

पोरगा बापावर गेला. सुनेला मी लग्नानंतर लगेच एक सीडी भरून दिली, ती तिने आदराने कपाटात ठेवली, अजून तिथेच आहे. मी आशा सोडली होती. आणि मग नात झाली. तिला मी काही म्हणजे काही ऐकवलं नाही. मटार सोलताना, लसूण निवडताना माझं आपलं चालू असायचं, ती पायाशी रांगायची. चौथी-पाचवीत असताना एक दिवस फ्रिजवरच्या स्पीकरकडे बघून म्हणाली, आजी, आता त्या दोन गिटारी भांडणार. आणि बराबर त्या भांडल्या. त्या दिवशी मी हातातले मटार सोलायचे विसरले.

मग आम्ही दोघींनी गाण्यांना घरची नावं ठेवली, कारण इंग्रजी नावं घरात कुणाच्या तोंडात बसत नव्हती. गिटारींचं ते 'भांडण'. पंधरा मिनिटांचं ते 'लांबडं'. आणि एक हळवं, गोडगोड, रेडिओवर वाजून वाजून झिजलेलं, जे त्या बँडने बहुतेक कुणाच्या तरी दबावाखाली केलं असावं, ते 'रडकं'. रडकं आलं की आम्ही दोघी मिळून पुढे ढकलायचो. दुपारची जेवणं झाली की ऐकायचं आणि भांडायचं, हा आमचा क्रम. तिला वाटायचं भांडण हे लांबड्यापेक्षा भारी. मला वाटायचं तिला अक्कल नाही. अशी मोठी झाली पोरगी.

यंदा तिला बंगळुरूला नोकरी लागली. होळी झाली की जायचं ठरलं. सगळ्यांना आनंद, मलाही आनंद, पेढे मीच वाटले. पण रात्रीची गोळी घेताना नाही, भर दुपारी मटार सोलताना माझ्या लक्षात आलं की ही गेली की या अख्ख्या गावात माझ्याबरोबर ते ऐकणारं एक माणूस उरत नाही. ऐकायला काय, मी एकटीही ऐकीन. पण भांडायचं कुणाशी?

तर मला एक माणूस तयार करायचं होतं, होळीच्या आत. एकच पुरे होतं.

संक्रांत जवळ आली होती. सून हळदीकुंकवाच्या वाणाचं बघत होती. स्टीलच्या वाट्या की प्लॅस्टिकची गाळणी, असं तिचं चाललेलं. मी म्हटलं, यंदा वाण मी देते. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला.

माझा हिशेब साधा होता. आमच्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक बाईच्या घरी तो छोटा गाण्याचा डबा आहे. देवघराजवळ प्लगला लावलेला असतो, सकाळी स्तोत्र, संध्याकाळी आरती. त्यात नखाएवढं मेमरी कार्ड बसतं. तर वाणात कार्ड द्यायचं, आणि कार्डात बँडची निवडक दहा गाणी. हळदीकुंकवाला येतात त्या पंचवीस-तीस जणींतून एक तरी फुटेल. सून म्हणाली, "आई, लोकं नावं ठेवतील." मी म्हटलं, नावं ठेवायला आधी ऐकावं लागेल, तेवढंही माझं काम होईल. शेवटी कार्डाबरोबर एकेक गाळणी द्यायची, या अटीवर ती तयार झाली.

गाणी निवडायला नात आणि मी बसलो. नऊ गाणी चहाच्या एका कपात ठरली. अडलं पहिल्यापाशी. माझा हात सवयीने लांबड्याकडे गेला आणि मला ती मधली खोली दिसली, पोहे, उदबत्ती, कण्हणं. म्हटलं, बाई, एवढं आयुष्य गेलं, आता तरी शहाणी हो. नवीन माणसाला दारातच ढोल बडवू नये. आधी गोड द्यावं, मग हळूहळू तिखट. म्हणून मी स्वतःच्या हाताने, नात नको नको म्हणत असताना, पहिल्या नंबरवर रडकं टाकलं. तिला मी वर समजावलंही. अनुभव म्हणतात याला, असं म्हणाले. लांबडं सगळ्यात शेवटी, दहावं.

हळदीकुंकू झकास झालं. वाण द्यायच्या आधी त्याला हळदकुंकू लावतात, ते मी रीतीप्रमाणे लावलं. एकेका कार्डाला, दोन्ही बाजूंनी, श्रद्धेने. गणिताची मास्तरीण होते मी, विज्ञानाच्या बाईंची खोली शेजारीच होती, तरी. कार्डाची ती पितळी रेघ हळदीने माखली की डबा ते ओळखत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी नातीने सांगितलं, हसून लोळल्यानंतर. म्हणजे निम्मी कार्डं घरी पोचायच्या आधीच मेलेली. त्यातल्या काहींनी ती कार्डं वाणाचं म्हणून देवघरात ठेवून दिली. अजून त्यांना रोज फूल वाहिलं जात असेल.

उरलेली वाजली. आणि इथून माझा खरा वैताग सुरू झाला.

त्या डब्यांची एक खोड मला माहीत नव्हती. लाइट गेली आणि आली की तो डबा जिथे थांबला होता तिथून पुढे जात नाही, पहिल्यापासून सुरू होतो. आणि आमच्याकडे लाइट कशी येते-जाते ते मी काय सांगू. आली, गेली, पुन्हा आली, आणि दरवेळी डबा आपला पहिल्या गाण्यावर. रडकं. समोरच्या घरातून रडकं, मागच्या घरातून रडकं, गव्हाच्या आडतीवर रडकं. एका घरातून संपतंय तोवर दुसऱ्या घरातून सुरू. दुसरं गाणं फार थोड्या लोकांपर्यंत पोचलं आणि दहावं तर कुणापर्यंतच नाही. जे गाणं मी हयातभर पुढे ढकललं ते माझ्या गल्लीने तोंडपाठ केलं. भाजीवाला गुणगुणायला लागला. बायका रस्त्यात थांबवून सांगायच्या, काकू, किती शांत वाटतं हो तुमच्या गाण्याने, झोप छान लागते.

झोप छान लागते. मी हे ऐकून घरी आले आणि भांडी आपटली.

एकीने तक्रार आणली की तिच्या डब्यातलं आरतीचं जुनं कार्ड काढून हे घातलं, त्या गडबडीत जुनं हरवलं, आणि सासरे आता पहाटे रडक्यावर निरांजन ओवाळतात. मी तिला नवीन कार्ड भरून दिलं. आरतीचं. आमचे हे सगळं बघत होते. एक दिवस पेपर खाली घेऊन म्हणाले, "एवढं एकच गाणं होतं का तुझ्या बँडचं?" आजवरच्या संसारात त्यांनी माझ्या संगीताबद्दल विचारलेला हा दुसरा प्रश्न, आणि तो असा.

मला त्या हॉस्टेलवरच्या पोरीची आठवण यायला लागली. आगाऊ होती, पण पहिल्या नंबरवर लांबडं टाकायची. तिने हा घोळ घातला नसता. तिची सगळी चूक काढून झाल्यावर मी शहाणी झाले, आणि नेमकी तिथेच फसले.

होळी आली, झाली. नात गेली. जाताना स्टँडवर म्हणाली की फोनवर भांडू. फोनवर तिला वेळ असतो रविवारी, तोही दहा मिनिटं, त्यात जेवलीस का आणि झोपलीस का यातच संपतो.

ती गेल्याच्या पुढच्या आठवड्यात विहीणबाई आल्या. सुनेची आई, म्हणजे आमच्या नातीची दुसरी आजी. भोकरदन तालुक्यात धावड्याला शेती, सगळं त्या स्वतः बघतात, गडीमाणसं त्यांना बिचकून असतात. आमचं दोघींचं फारसं सूत नाही. पोरांच्या लग्नात त्यांच्याकडच्या वरणाला मी पातळ म्हणाले होते. पातळच होतं. तेव्हापासून त्या येतात, नव्या ज्वारीचं पोतं टाकतात, लेकीशी बोलतात, माझ्याशी 'बरं हाये ना' एवढं बोलून जातात. संक्रांतीला त्या योगायोगाने आल्या होत्या, तेव्हा त्यांनाही गाळणी आणि कार्ड मिळालं होतं. त्या कार्डाचा मी पुन्हा विचारही केला नव्हता.

या वेळी पोतं टाकून त्या थेट माझ्यासमोर येऊन बसल्या.

"इहीणबाई, तुमचं ते पयलं गाणं काढून टाका. बिलकुल कामाचं न्हाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, कोणतं पहिलं गाणं?

"वाणात दिल्तं ते. पाखरं उडत न्हाईत त्याला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. घरी येऊन डब्यात घातलं तर वाजेना. हळद दिसली, पदराने पुसली, तर वाजलं. संक्रांतीनंतर ज्वारीची कणसं भरायला लागली, पाखरं येऊ लागली, गोफण फिरवायला माणूस मिळेना. तेव्हा त्यांनी डबा शेतात नेला, फवारणीच्या पंपाची बॅटरी त्याला जोडली आणि राखणीच्या माळ्याखाली लावून दिला. माझा बँड. पाखरं हाकायला.

मी तोंड उघडलं, पण त्यांचं संपलं नव्हतं. त्या स्वतः दिवसभर माळ्यावर बसायच्या. पहिलं गाणं लागलं की सगळे राघू परत कणसावर. दुसरं लागलं की भुर्र. गाणी फिरून पुन्हा पहिल्यावर आली की हे पुन्हा हजर. "त्यास्नी बी कळलं व्हतं," त्या म्हणाल्या. "ते मुळमुळीत लागलं की जेवायची सुट्टी."

बॅटरीवर. मला ते तिथेच लक्षात आलं. बॅटरीला लाइट जायची भीती नाही. म्हणजे डबा एकदाही मधेच पहिल्यापासून सुरू झाला नाही. म्हणजे या बाईने दहाच्या दहा गाणी ऐकली, पेरूच्या झाडाशेजारी माळ्यावर बसून, रोज, कितीतरी वेळा.

मी सावधपणे विचारलं की मग पाखरं गेली का शेवटी.

"कशाची जातेत. सरावली. पंधरा दिसांनी कशालाच उडंनात. खुशाल बसून खाऊन राह्यली, डोक्यावर तो बाप्या बोंबलतोय तरी."

"मग बंद केलं असेल तुम्ही."

त्या पिशवीची नाडी नीट करत बसल्या. मग म्हणाल्या, "ज्वारी काढून झाली तरी लावून राह्यले. आपली नात दिवसभर त्यात काय ऐकत बसती, म्हणून ऐकलं आधी. मंग आता न्हाई लावलं तर रानात सुनं वाटतंय."

मी बोलायला गेले असते तर काहीतरी गुळमट बोलले असते, रडक्यासारखं.

सुदैवाने त्यांनीच पुढे तोंड उघडलं. म्हणाल्या, दुसरी गोष्ट, तुम्ही गाणी लावलीत तीच उलटी. ते शेवटचं लांबडं आहे ना, ते शेवटी कशाला? तवर माणूस दमून जातो. ते आधी पाहिजे.

लांबडं. त्याच शब्दात. नातीने सांगितलं असेल असं मला वाटलं, मी विचारलंही. त्या म्हणाल्या, सांगायचं काय त्यात, लांबडंच आहे ते.

"आणि ते दुसरं, दोघं भांडतेत ते," त्या म्हणाल्या, "ते लांबड्याच्या पाठोपाठ न्हाई चालायचं. मधी एक घाला काहीतरी. डोकं फुटतं."

इथे मात्र मला राहवलं नाही. भांडण हे लांबड्याच्या पाठोपाठच पाहिजे. लांबडं जिथे संपतं त्याच सुरावर भांडण सुरू होतं, मध्ये दुसरं काही घातलं की सगळा डौल गेला. हे मी त्यांना शांतपणे सांगितलं. त्या म्हणाल्या, शांतपणेच, की मी दहा-पाच वेळा ऐकलं असेल घरात बसून, त्यांनी रानात ऐकलंय, रानात कळतं कुठे दम लागतो ते. दहा-पाच वेळा, मला. मी म्हटलं, विहीणबाई, तुमच्या त्या लग्नातल्या वरणापेक्षा जुनं आहे माझं हे ऐकणं. त्या म्हणाल्या, वरणाचं नाव काढलंत का, बरं झालं, कारण त्या दिवशी वरण पातळ नव्हतं, तुमच्याकडच्या वाढप्याने वरचं वरचं वाढलं. आतून सून धावत आली, दोन्ही आयांकडे बघितलं आणि परत आत गेली.

शेवटी त्या म्हणाल्या, ऐकूनच बघू. पिशवीतून डबा निघाला, आणि त्याच्या पाठोपाठ ती पंपाची बॅटरी, वायरीसकट, फवारणीच्या औषधाचा वास मारत. मी आदल्याच दिवशी पुसलेल्या टीपॉयवर त्यांनी ती ठेवली. दाबत दाबत दहाव्या गाण्यावर आल्या. ढोल सुरू झाला. लांबून ते कण्हणं.

एवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. गल्लीतले सगळे डबे बंद पडले, कितीतरी दिवसांनी कुठूनही रडकं येईना. आमचा डबा मात्र चालूच. विहीणबाई डोळे बारीक करून, गुडघ्यावर बोट आपटत बसलेल्या. बोट चुकीच्या जागी आपटत होतं. मी ठरवलं, गाणं संपलं की सांगायचं.

दिवाणावर आमच्या ह्यांनी पेपर खाली घेतला. विहीणबाई त्यांच्याशी आजवर कधी थेट बोललेल्या नाहीत. व्याह्यांसमोर त्या पदर डोक्यावर घेतात, काही सांगायचं असलं तर लेकीकडून सांगतात. आत्ताही पदर डोक्यावरच होता.

"झालं का?" ह्यांनी विचारलं.

विहीणबाईंनी मान वळवली नाही. पदर थोडा पुढे ओढला आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "थांबा जरा. लांबडं चालू हाये."